खेळाडू ‘आपला’ असतो तोवर

प्रश्न : इंग्लंडमधला कुणी एक फुटबॉलवाला बाहेरून आलेल्या लोकांबद्दल काहीतरी बोलला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले, असा विषय आमच्या अभ्यासिकेत निघाला. बघता बघता दोन तट पडले. एक म्हणतो त्यानं बाहेरच्यांना विरोध केला, दुसरा म्हणतो बाजू घेतली. तो नेमका कोण? खेळाडूनं परप्रांतीय, परदेशी असल्या विषयात तोंड घातलं की लोक एवढे का चवताळतात? आपल्याकडं असं कधी झालंय का? आमच्या भागातून दरसाल टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यामुळं बाहेरचा म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण खेळाडूंचा यात काय संबंध, ते कळत नाही.
— एक वाचक, युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड)

उत्तर : तुमचे दोन्ही तट बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. फुटबॉलवाले एक नाहीत, दोन आहेत. दहा वर्षांच्या अंतरानं ते एकमेकांच्या अगदी उलट बोलले आणि दोघांनीही बोलणी खाल्ली.

पहिला जॅक विल्शियर. साल २०१३, महिना ऑक्टोबर. आर्सेनलचा हा २१ वर्षांचा खेळाडू तेव्हा इंग्लंडच्या संघात होता. त्याच सुमारास मँचेस्टर युनायटेडच्या अदनान यानुझाय नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं संडरलँडविरुद्ध दोन गोल ठोकून सामना फिरवला. यानुझायचा जन्म ब्रसेल्सचा, आईवडील कोसोव्होतले अल्बेनियन, आणि इंग्लंडमध्ये तो आलेला २०११ साली. झालं, तिथल्या वर्तमानपत्रांनी बोटांवर हिशेब सुरू केला की हा पोरगा इथंच राहिला तर पुढं इंग्लंडकडून खेळू शकेल का. फिफाचा नियम असा होता की वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ५ वर्षं सलग एखाद्या देशात राहिलेला, तिथलं नागरिकत्व घेतलेला खेळाडू त्या देशाकडून खेळू शकतो. विल्शियरला कुणीतरी हे विचारलं आणि तो म्हणाला, इंग्लंडकडून इंग्रजांनीच खेळावं. पाच वर्षं इंग्लंडमध्ये राहिलं म्हणून कुणी इंग्रज होत नाही.

त्याच्यावर पहिला चेंडू क्रिकेटच्या मैदानातून आला. केव्हिन पीटरसन, जन्म दक्षिण आफ्रिकेतला, धावा इंग्लंडच्या. त्यानं जाहीर विचारलं, बाबा रे, परदेशी म्हणजे नेमका कोण ते तरी सांग. मी, क्रिकेटवाले स्ट्रॉस, ट्रॉट, प्रायर, सायकलपटू ख्रिस फ्रूम, धावपटू मो फारा, हे सगळे परदेशीच का? मो फारा सोमालियात जन्मलेला, लहानपणी ब्रिटनमध्ये आलेला, आणि आदल्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं ब्रिटनला दोन सुवर्णपदकं मिळवून दिलेली. विल्शियरनं मग सारवासारव केली. मी फक्त फुटबॉलपुरतं बोललो, यानुझायचं नाव मी घेतलंच नव्हतं, वगैरे.

मला विचाराल तर विल्शियर अगदीच चुकीचं बोलला असं नाही. राष्ट्रीय संघात कुणी खेळावं, जन्म बघायचा की वास्तव्य, हा रास्त प्रश्न आहे आणि प्रत्येक देश त्याचं उत्तर आपापल्या परीनं देतो. आपण तर फारच कडक. भारताच्या फुटबॉल संघात खेळायचं तर हातात भारताचंच पारपत्र लागतं, परदेशस्थ भारतीयाचं कार्ड चालत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सनं त्यासाठी २०२५ मध्ये तिथलं नागरिकत्व सोडून इथलं घेतलं. तर विल्शियर बोलत होता नियमाबद्दल, ऐकणाऱ्यांना ते माणसांबद्दल ऐकू आलं. ज्यांना बाहेरचे लोक खुपत होते त्यांनी ‘अखेर एकजण खरं बोलला’ म्हणून त्याला डोक्यावर घेतलं. ज्यांचे आजोबा जमैकाहून किंवा जालंधरहून आलेले, त्यांना ते थेट आपल्या घराबद्दल वाटलं. यानुझायनं २०१४ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमची निवड केली. जून २०१८ मध्ये विश्वचषकात कालिनिनग्राडला बेल्जियमनं इंग्लंडला १–० असं हरवलं, तेव्हाचा तो एकमेव गोल त्याचाच.

दुसरा गॅरी लिनेकर. १९८६ च्या विश्वचषकात ६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा, निवृत्तीनंतर २०२५ पर्यंत बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम चालवणारा. पुऱ्या कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही कार्ड दाखवलं नव्हतं. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या निर्वासितांना रोखणारं विधेयक आणलं. लिनेकरनं ७ मार्चला लिहिलं की दुबळ्यातल्या दुबळ्या माणसांवर रोखलेलं हे कमालीचं क्रूर धोरण आहे आणि त्याची भाषा १९३०च्या दशकातल्या जर्मनीपेक्षा फारशी वेगळी नाही. यातला दुसरा भाग लोकांना झोंबला. विधेयक मांडणाऱ्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील गोव्याच्या मुळाचे, केनियातून ब्रिटनमध्ये आलेले, आई मॉरिशसची. स्थलांतरितांची लेक दार लावून घेते आणि लेस्टरच्या भाजीबाजारात वाढलेला गोरा खेळाडू दार उघडं ठेवा म्हणतो, हा उलटा डाव बघून आपल्यासारख्या लांबच्या माणसाला गंमत वाटते. तिथं मात्र कुणी हसत नव्हतं. सत्ताधारी पक्षाचे खासदार म्हणू लागले, बीबीसी लोकांच्या वर्गणीवर चालते, तिचा सगळ्यांत महागडा निवेदक सरकारवर अशी टीका करूच कसा शकतो? लिनेकरनं आपल्या घरात निर्वासितांना आसरा दिला होता, म्हणजे नुसता बोलघेवडा नव्हता. पण असल्या गदारोळात ही माहिती कोण विचारात घेतो?

१० मार्चला बीबीसीनं त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं. आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कार्यक्रमातला जोडीदार इयन राइट म्हणाला, तो नाही तर मीही नाही. ॲलन शिअररही मागे सरला. समालोचकांनी माघार घेतली. ११ मार्चच्या रात्री कार्यक्रम लागला तो नेहमीच्या ऐंशी मिनिटांऐवजी २० मिनिटांचा. ओळखीची सुरावट नाही, निवेदक नाही, समालोचन नाही. एकामागून एक सामन्यांचे तुकडे आणि प्रेक्षकांचा गोंगाट. बघणाऱ्यांची संख्या मात्र आदल्या आठवड्यापेक्षा जवळपास पाच लाखांनी वाढली! १३ तारखेला बीबीसीनं त्याला परत बोलावलं.

म्हणजे एकानं कुंपण घालायला सांगितलं, दुसऱ्यानं काढायला. शिव्या दोघांनाही सारख्याच.

आता आपल्याकडचं. तुमच्या पिढीला कदाचित आठवत नसेल, पण महाराष्ट्रानं हा खेळ फार मोठ्या मैदानावर खेळलेला आहे, आणि खेळाडूही साधासुधा नव्हता.

१३ नोव्हेंबर २००९. सचिन तेंडुलकरच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला दोन दिवसांनी २० वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून मुंबईत पत्रकार परिषद ठेवलेली. सगळं कसं सोहळ्यासारखं. पण बाहेरची हवा तापलेली होती. २००८ पासून राज ठाकऱ्यांच्या मनसेनं उत्तर भारतीयांविरुद्ध रान उठवलं होतं. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मनसेचे १३ आमदार आले आणि शिवसेना ४४ वर अडकून भाजपच्याही (४६) मागे पडली. परिषदेच्या चारच दिवस आधी, ९ नोव्हेंबरला, अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून विधानसभेत मनसेच्या आमदारांनी त्यांच्यावर हात उचलला होता, चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले होते. अशा वेळी एका पत्रकारानं मुंबई कुणाची, हे सचिनला विचारलं. सचिन म्हणाला की मुंबई भारताची आहे. मी महाराष्ट्रीय आहे आणि त्याचा मला अतिशय अभिमान आहे, पण मी आधी भारतीय आहे.

बस्स, एवढंच. यात कुणाला काही आक्षेपार्ह दिसेल असं सचिनलाही वाटलं नसेल.

१६ तारखेच्या ‘सामना’त बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्याला जाहीर समज दिली. क्रिकेटची क्रीज सोडून तू राजकारणाच्या खेळपट्टीवर आलास आणि मराठी मनाच्या खेळपट्टीवर धावबाद झालास, अशी ती भाषा. मुंबई मराठी माणसाला मिळाली तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, असं सांगत संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचीही आठवण करून दिली. योगायोग असा की त्याच दिवशी अहमदाबादला श्रीलंकेविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि सचिन ४ धावांवर त्रिफळाचीत झाला. चहाच्या टपऱ्यांवर त्या दिवशी काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

पक्षांचं म्हणाल तर काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण सचिनच्या बाजूनं बोलले, आणि शिवसेनेचा मित्रपक्ष भाजपही या बाबतीत ठाकऱ्यांच्या मागे उभा राहिला नाही. खरी पंचाईत झाली ती साध्या मराठी घरांची. दादर-गिरगावात, डोंबिवलीत, आपल्या मराठवाड्यातही अशी कितीतरी घरं होती जिथं एकाच भिंतीवर दोघांचे फोटो टांगलेले. बाळासाहेब चुकले म्हणायची सोय नाही आणि सचिन चुकला म्हणायला जीभ रेटत नाही. अशा घरांत लोकांनी मधली वाट काढली : ‘पोराला पत्रकारांनी अडकवलं हो.’ त्या सबंध आठवड्यात सगळ्यांत जास्त मतं या वाक्याला मिळाली असतील.

ठाकऱ्यांवर टीका झाली, ती आयबीएन-लोकमत वाहिनीवरही झाली, आणि २० नोव्हेंबरला शिवसैनिकांनी विक्रोळीतल्या त्या वाहिनीच्या कचेरीत घुसून मोडतोड केली, माणसांना मारहाण केली. पुण्यातही तेच. त्याच दिवशी अहमदाबादला कसोटीचा शेवटचा दिवस होता. सचिननं नाबाद १०० काढून सामना वाचवला; त्याच डावात त्याच्या आंतरराष्ट्रीय धावा ३० हजारांच्या पलीकडे गेल्या. या वादावर तो पुढं काही बोलत बसला नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, लोक चवताळतात का? सचिननं नवीन काय सांगितलं होतं? मुंबई भारताची, हे राज्यघटनेच्या १९व्या कलमात लिहिलेलंच आहे : देशात कुठंही फिरायचा, कुठंही राहायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. हेच वाक्य एखादा प्राध्यापक रोज वर्गात बोलतो आणि मुलं जांभया देतात. राग वाक्याचा नव्हता. ‘आपला’ माणूस आपल्या बाजूनं बोलला नाही, याचा होता. खेळाडू जिंकत असतो तेव्हा आपण त्याच्या विजयात भागीदार होतो, मग त्याच्या मतांतही भागीदारी मागतो. आणि २००९ च्या ‘सामना’तल्या त्या लिखाणात माझ्या मते सचिन हा निमित्तमात्र होता. मराठी मतं पुतण्या राजकडे वळत चालली होती. मराठीचा कैवार अजून माझ्याकडेच आहे हे मोठ्यानं सांगायला एखादं मोठं नाव हवं होतं. मुंबईत सचिनपेक्षा मोठं नाव कुठून आणणार?

‘खेळाडूनं खेळावं, राजकारणात पडू नये’ हे तत्त्व सगळेच सांगतात, पण ते नेहमी समोरच्याच्या खेळाडूला लागू असतं. याचा पुरावा पुन्हा सचिनच. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकऱ्यांचं आंदोलन चालू असताना परदेशी गायिका रिहानानं त्यावर लिहिलं, तेव्हा सचिननं लिहिलं की बाहेरच्यांनी बघावं, भाग घेऊ नये. भारताचं काय करायचं ते भारतीय ठरवतील. अकरा वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. २००९ मध्ये काँग्रेस त्याच्या पाठीशी होती. आता केरळात युवक काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या प्रतिमेवर काळं तेल ओतलं. शरद पवार म्हणाले, दुसऱ्या क्षेत्राबद्दल बोलताना सचिननं काळजी घ्यावी. राज ठाकऱ्यांनी दोष सरकारला दिला, सचिन आणि लता मंगेशकरांसारख्यांची पत अशी पणाला लावायला नको होती म्हणाले. बरोबर की चूक ते सोडा. माणूस तोच, पण टाळ्या आणि शिव्या देणाऱ्यांनी आपापसांत जागा बदलून घेतल्या होत्या.

ज्या खेळाडूंची मुळंच बाहेरची, त्यांची गत आणखी अवघड. तुर्की वंशाचा फुटबॉलपटू मेसुत ओझिल जर्मनीत गेल्सेनकिर्शनला जन्मला, २०१४ चा विश्वचषक जर्मनीला मिळवून देणाऱ्या संघात होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर फोटो काढला, पाठोपाठ जर्मनी विश्वचषकातून पहिल्याच फेरीत बाहेर, आणि सगळं खापर त्याच्यावर. संघ सोडताना त्यानं लिहिलं की जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. फ्रान्सचा किलियन एमबाप्पे (वडील कॅमेरूनचे, आई अल्जेरियन वंशाची) २०२४ च्या निवडणुकीआधी तरुणांना म्हणाला की टोकाचे लोक सत्तेच्या दाराशी आलेत, मतदान करा. उजव्या पक्षाच्या जोर्दां बार्देलाचं उत्तर होतं की महिनाअखेर गाठताना ज्यांची दमछाक होते त्यांना या कोट्यधीशांनी धडे देऊ नयेत. लिनेकरलाही हेच ऐकवलं होतं. हा मुद्दा मात्र अगदी उडवून लावण्यासारखा नाही. ज्याला घर, नोकरी, रांग यांतलं काहीच आडवं येत नाही त्याला उदार होणं सोपं असतं, हे खरंच आहे. पण मग ज्याला काहीच आडवं येत नाही त्यानं बाहेरच्यांना हाकला म्हटल्यावर हीच मंडळी त्याचा पगार काढत नाहीत, तेही खरं.

तुम्ही ऊसतोडीचा उल्लेख केलात म्हणून एक भेद स्पष्ट करायला हवा. लिनेकरचा वाद देशाच्या सीमेचा आहे. तिथं कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा सरकारला अधिकार असतो आणि भांडण ‘किती आणि कसं’ याचं असतं. सचिनचा वाद देशाच्या आतला, तिथं कायद्यानं असा अधिकार कुणालाच नाही. केजची टोळी कोल्हापूरला जावो की बेळगावला, परवानगी लागत नाही. वागणुकीचं मात्र विचारू नका. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, परजिल्ह्यातल्या गावाबाहेर पालं ठोकतो. त्या गावाला तोडणीसाठी तो हवाच असतो, पण शिवारात काही हरवलं की पहिला संशयही त्याच्यावरच. शेतकरी म्हणतो, टोळीवाले ‘खुशाली’च्या नावानं वरचे पैसे उकळतात, टोळीवाला म्हणतो, वजनात आणि हिशेबात आम्हीच मारले जातो. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून पोलिसांत तक्रारी होतात, आणि टोळी डांबून ठेवली म्हणूनही होतात. मोळ्या बांधता बांधता पोरांची शाळा बुडते ती वेगळीच.

या सगळ्यावर कुठल्या खेळाडूला कुणी प्रश्न विचारलाय? जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीदरात ३४ टक्के वाढ दिली, दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. इतक्या माणसांच्या पोटाशी जोडलेली ही बातमी, पण त्यावर कुठल्या वाहिनीवर खिडक्या-खिडक्यांत माणसं बसवून रात्रभर भांडण झाल्याचं मी तरी पाहिलं नाही. प्रसिद्ध माणसाचं एक वाक्य आलं की स्थलांतर हा अस्मितेचा प्रश्न होतो. ते नसलं की तो दराचा, उचलीचा आणि पाण्याच्या हंड्याचा प्रश्न असतो. जे जातात-येतात त्यांना या दुसऱ्या प्रश्नांचीच उत्तरं हवी असतात, आणि ती मुकादमाकडं आणि कारखान्याकडं मागावी लागतात.

खेळाडूनं बोलावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण अभ्यासिकेत तोही विषय निघेलच. बोलावं की. एवढंच की मुद्दा खोडायचा असेल तर पीटरसनसारखा खोडावा. परदेशी म्हणजे कोण ते सांग, या एका प्रश्नानं त्यानं जेवढं काम केलं तेवढं शंभर शिव्यांनी झालं नसतं.

फुटबॉलचा एवढा विषय निघालाच आहे तर, गावची टोळी कोल्हापूरच्या बाजूला असेल आणि तुमचं तिकडं जाणं झालं तर एखादी संध्याकाळ शाहू स्टेडियममध्ये घालवा. गाळप आणि तिथला फुटबॉलचा मोसम बराचसा एकाच वेळी चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ एकमेकांशी भिडतात तेव्हा अख्ख्या पेठा मैदानात उतरतात. या संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणलेले आहेत, आणि बाहेरचे खेळाडू किती असावेत यावर तिथंही वाद झडले आहेत. गोल केलेला नायजेरियन पोरगा त्या संध्याकाळी त्या पेठेचा असतो. पुढच्या मोसमात तो पलीकडच्या तालमीकडून उतरला तर काय होतं, ते शेजारी बसलेल्या कुणालाही विचारा, तिखटमीठ लावून सांगेल.